बर्फाखालची आई

ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, ओसरलं की आमचं पहिलं काम समुद्रावरचा बर्फ मोजण्याचं. अंटार्क्टिकातल्या लार्समन टेकड्यांमध्ये २०१२ साली आपलं 'भारती' स्थानक सुरू झालं. तिथल्या हिवाळी तुकडीत मी जनरेटर आणि गाड्यांच्या देखभालीला होतो. समोरची खाडी हिवाळ्यात गोठते, ऑक्टोबरात तो थर दीड मीटरच्या आसपास भरतो. पण वादळानंतर कुठे भेग रुंदावली, कुठे भुसभुशीत बर्फाखाली पाणी चढलं, हे पाहिल्याशिवाय त्यावर गाडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून त्या दिवशी गिरमिट, मोजपट्टी आणि वॉकी-टॉकी घेऊन आम्ही तिघे निघालो: लीडर, डॉक्टर आणि मी.

खाडीत एक हिमनग तळाला टेकून अडकला होता. भरती-ओहोटीबरोबर भोवतालचा बर्फ वरखाली होतो, हिमनग मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे त्याच्या कडेने भेग कायम राहते, आणि वेडेल सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या माद्या पिलं घालायला अशाच भेगा शोधतात. वादळाच्या आधी तिथे चार-पाच माद्या पिलांसह पडलेल्या आम्ही लांबून बघितल्या होत्या. आता भेग बर्फाने बुजली होती. मादी एकही दिसत नव्हती. होतं ते एकच पिलू, पाठीवर बर्फाचा थर, शेळीच्या करडासारखं ओरडत होतं.

पाठीवरचा बर्फ वितळला नव्हता, हे पाहून मला आधी वाटलं, गारठून चाललंय. डॉक्टर म्हणाले, "उलट, हे चांगलं लक्षण आहे. अंगातली ऊब केसांबाहेर जात नाही म्हणून तो वितळत नाही." जन्मतः या पिलाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, असते ती फक्त दाट करडी लव. २५-३० किलोचं पिलू आईच्या पोटातून थेट उणे वीस अंशांत येऊन पडतं. मग पुढचे सहा-सात आठवडे फक्त दूध. ते दूध हळूहळू इतकं दाट होतं की निम्म्याहून जास्त चरबीच. त्यावर पिलू शंभर किलोच्या आसपास जातं, आणि आईचं वजन त्याच काळात एक तृतीयांशाहून जास्त घटतं. हे पिलू फार तर आठवड्याचं असावं. दोन दिवसांत त्याच्या पोटात काही गेलेलं दिसत नव्हतं, आणि पिलांवर टपणारे दोन स्कुआ पक्षी जवळच चालत होते.

आई पिलाला टाकून गेली नव्हती. वादळात बाहेर जीवघेणा वारा असतो, पाणी मात्र उणे दोन अंशांच्या खाली जात नाही. त्या हवेत तिच्यासाठी पाणीच उबदार, म्हणून मोठे सील वादळात खाली जातात. ती तासाभराहून जास्त श्वास रोखू शकते, सहाशे मीटरपेक्षा खोल जाऊ शकते. प्राणवायू ती फुप्फुसात नाही, रक्तात आणि स्नायूंत साठवते. बुडी मारण्याआधी श्वास बाहेर सोडून देते. पण शेवटी श्वासासाठी भोक हवंच, आणि तिचं नेहमीचं भोक बुजलं होतं.

तेवढ्यात पायांखालून आवाज आला. वेडेलच्या नरांच्या उतरत जाणाऱ्या लांब शिट्ट्या बर्फातून वर ऐकू येतात, ते आम्हाला सवयीचं होतं. हा आवाज वेगळा होता. खरखर, मग शांतता, मग पुन्हा खरखर. पिलू ओरडायचं थांबलं आणि सरपटत त्या बाजूला वळलं.

गिरमिट माझ्या हातात होतं. बुजलेल्या भोकावर साचलेला बर्फ ताजा होता. पाच मिनिटांचं काम. मी लीडरकडे पाहिलं. ते म्हणाले, "हाथ नहीं लगाना है।" अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय माद्रिद करारानुसार परवान्याशिवाय इथल्या प्राण्याच्या आयुष्यात ढवळाढवळ करता येत नाही. मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. गिरमिटाचं पातं तिच्या डोक्यावर उतरलं असतं तर? आमच्या घरघरीला बिचकून ती दुसऱ्या भोकाकडे निघून गेली असती तर? भेगेलगत त्यांची एकापेक्षा जास्त भोकं असतात, कुठून वर यायचं हे तीच जाणे. याच खंडावर कुत्र्यांच्या गाड्या होत्या तेव्हा कुत्र्यांना खायला सील मारले जात. १९९४ पर्यंत सगळे कुत्रे इथून हलवले गेले. सीलला आपल्यापासून मोकळं सोडणं इथे इतकं अलीकडचं आहे.

आम्ही मागे सरलो आणि दुर्बीण काढली.

बराच वेळ काही झालं नाही. मग एका जागी बर्फ ओला, काळपट झाला. तो खचला आणि नाकपुड्या वर आल्या. दोन-तीन दीर्घ श्वास, वाफेचा लोट. पण भोक फक्त नाकापुरतं होतं. ती खाली गेली, पुन्हा आली, जबडा विलक्षण रुंद उघडला, वरचे सुळे आणि पुढचे दात बर्फाच्या काठाला लावले आणि मान डावी-उजवीकडे फिरवत काठ तासू लागली. या जातीचे हे दात पुढे झुकलेले असतात, ते याच कामासाठी. डॉक्टरांनी दुर्बीण माझ्याकडे दिली. "दात बघा." सुळे हिरडीजवळ झिजलेले होते, हिरडी लाल झाली होती.

खुल्या पाण्यात तिला किलर व्हेल आणि लेपर्ड सीलचं भय असतं. अखंड बर्फाखाली ते सहसा येत नाहीत, म्हणून वेडेल इतक्या दक्षिणेला राहतो. त्या सुरक्षिततेची किंमत दात भरतात. ते पूर्ण झिजले की भोक उघडं ठेवता येत नाही आणि शिकारही धरता येत नाही. म्हातारे वेडेल बरेचदा त्यानेच जातात.

भोक रुंद झालं. चारशे किलोंचं अंग अर्ध्यावर अडकलं, मागे सरलं, आणि पुढच्या झटक्यात बर्फावर आलं. पिलाचं नाक तिने हुंगलं, एक खालच्या पट्टीतला आवाज काढला, कुशीवर वळली. पिलू चुकत-माकत आचळापर्यंत पोचलं. स्कुआ उडाले. डॉक्टर रडत होते, मीही. लीडर वॉकी-टॉकीवर स्थानकाला सांगत होते, "मदर अँड पप, बोथ ओके."

नोव्हेंबरात ते पिलू आईमागून पाण्यात उतरायला लागलं, तेही आम्ही बघितलं. गाड्यांचा मार्ग आम्ही हिमनगापासून दूर वळवला. माद्या बहुधा जुन्याच भागात परततात. म्हणून गोव्यात प्रशिक्षण घेऊन आलेल्या पुढच्या तुकडीतल्या माझ्या जागेवरच्या मुलाला मी नकाशावर ती भेग दाखवली, मादीच्या वल्ह्यासारख्या डाव्या पुढच्या पायावरचा आडवा व्रण सांगितला, आणि ऑक्टोबरात दुर्बीण घेऊन तिचे दात बघायला सांगितले.