श्रेय गोळीला

शेजारचे आबा ओट्यावर येऊन बसले. तब्येत कशी, असं त्यांनी विचारलं तर हे काय म्हणाले? “बहीणनी सुरतथाईन गोया धाड्यात ना, आते बरं वाटस.”

मी आत कळण्याची भाकरी थापत होते. सगळं ऐकलं.

धुळ्याला अँजिओप्लास्टी झाल्यापासून भरिताला तेल मोजून, शेवभाजी बंद, पापड-कुरडयांचे डबे वरच्या फळीवर. रक्त पातळ करायची गोळी चुकू नये म्हणून मी घड्याळाकडे बघत बसते. आणि बरं वाटलं ते गोळ्यांनी! तेही डॉक्टरांच्या नाही, ‘अँटीऑक्सिडंट’ लिहिलेल्या चकचकीत डब्यातल्या. ई जीवनसत्त्व, चारशे युनिट.

मागच्या तपासणीला डब्याचा फोटो मीच पुढे केला होता. डॉक्टर म्हणाले, कल्पना चुकीची नव्हती. बंद रक्तवाहिनी उघडली की प्राणवायू एकदम आत शिरतो, फ्री रॅडिकल्स नावाचे त्रासदायक कण उसळतात, हृदयाच्या पेशींना इजा होते. मग ते आवरणारी, म्हणजे अँटीऑक्सिडंट गोळी दिली तर? दिली की. इटलीत झटका येऊन गेलेल्या 11 हजारांवर रुग्णांवरच्या अभ्यासाचा निकाल 1999 मध्ये आला. ई जीवनसत्त्वाचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. 2002 मध्ये ब्रिटनच्या 20 हजारांवर लोकांतही ई, सी, बीटा कॅरोटीन एकत्र देऊन तेच. वर जास्त मात्रेतलं ई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतलं तर रक्तस्रावाची भीती. बंद करा म्हणाले.

हे घरी येऊन म्हणाले, “इटलीवाल्यांना कळण्याची भाकरी कुठे मिळते?”

म्हणजे भाकरीचं महत्त्व माहीत आहे तर! मग आबांसमोर का नाही निघालं तोंडातून? मला काही हार-तुरे नकोत. नुसतं ‘हिनं सांभाळलं’ एवढं. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मी... जाऊ दे.

हे कधी कुणासमोर माझं कौतुक करतील, तर समजावं औषध जास्त झालं.

डबा आज कपाटातून काढला. “तूच सांग तिला,” म्हणून यांनी अंग काढून घेतलं. ताईंना फोन लावला, डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मंग तू खाई ले ना, वहिनी. तुन्हा गुडघास्ले बरं वाटी.”