तीन दिवे विझवले, एक लावला

"दादा, फक्त कोड उडवून द्या. उद्या पहाटे घरच्यांना घेऊन गगनबावड्याला जायचंय."

शटर अजून अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात पोरगं दारात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एकोणीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, त्यामुळं हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच. कोड म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरनं टिपून ठेवलेला बिघाडाचा नंबर.

गाडी पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं तिला अंगभर दागिने घातले होते. रुंद टायर, इंजिनच्या हवेला शंकूसारखा कोन फिल्टर, डिकीत सबवूफर, बंपरखाली १००-१०० वॅटचे फॉगलॅम्प, आत लाल दोऱ्याच्या शिलाईचं स्पोर्ट्स स्टिअरिंग. मीटरवर तीन दिवे पेटलेले: चेक इंजिन, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि पॉवर स्टिअरिंग.

पोराच्या खिशात ऑनलाइन मागवलेला, कोड वाचायचा ब्लूटूथ डोंगल होता. मोबाइलवरून पाचदा कोड पुसले, पाचदा परत आले, हे त्यानं मला जरा अभिमानानंच सांगितलं. इथं माझं डोकं फिरतं. कोड पडतो तेव्हा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या क्षणाची नोंद ठेवतो. वेग किती होता, आरपीएम किती, पाणी किती तापलेलं. फ्रीझ फ्रेम म्हणतात तिला. 'क्लिअर' दाबलं की कोडाबरोबर तीही जाते. चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आधी फरशी पुसून काढावी, तसला प्रकार.

माझा स्कॅनर लावला. पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि यू ०१२१, म्हणजे एबीएसच्या युनिटशी बोलणं तुटलंय. स्टिअरिंगचा दिवा या दुसऱ्याचंच शेपूट. या गाडीत वेगाचा आकडा एबीएसकडून येतो, तो आला नाही की स्टिअरिंगचं युनिटही बोंब मारतं. याला आधी एका ठिकाणी एबीएसचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं होतं.

"दिवे कधी लागतात?"

"रात्रीच. पावसात तर हमखास."

रात्र आणि पाऊस म्हटल्यावर मी इंजिन चालू ठेवून फॉगलॅम्प लावले. मिनिटभरात एबीएसचा दिवा आला. मग मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन एबीएसच्या अर्थच्या, म्हणजे मायनसकडं परत जाणाऱ्या, तारेला लावली. तिथं व्होल्टेज जवळजवळ शून्य हवं. दिसत होतं चारच्या वर. म्हणजे बॅटरीवर चौदा व्होल्ट असताना बिचाऱ्या युनिटच्या वाट्याला दहासुद्धा येत नव्हते.

अर्थचा बोल्ट डाव्या हेडलाइटच्या मागं होता. बोट लावलं आणि चटका बसला. फॉगलॅम्प बसवणाऱ्यानं आपली तार त्याच बोल्टखाली दडपली होती, खालचा रंग न खरवडता. वर हिरवा गंज चढलेला. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, फॉगलॅम्पला स्वतंत्र अर्थ आणि रिले दिला. आकडा पॉइंट शून्य चारवर आला. साहित्याचा खर्च दोनशेच्या आत, आणि याला सांगितलं होतं अख्खं युनिट!

पी ०१७१ ला वेळ कमी लागला. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती वाढवून देतोय तो आकडा, रेस न देता आयडलवर अधिक १२ टक्के, २५०० आरपीएमला अधिक २४. कुठून हवा गळत असती तर उलटं झालं असतं, रेस वाढवल्यावर आकडा खाली आला असता. तेव्हा संशय हवा मोजणाऱ्या सेन्सरवर. काढून उजेडात धरला तर त्याच्या केसासारख्या तारेवर तेलाचा चिकट थर आणि त्यात अडकलेली लव. कोन फिल्टर धुऊन कुणीतरी त्याला तेलात न्हाऊ घातलं होतं. सेन्सर क्लीनरनं धुतला, वाळवला, ट्रिम तीन-चारवर आलं. आता कोड पुसले.

दुपारी ट्रायलला निघालो. चावी फिरवली, सगळे दिवे लागले, एकेक विझत गेले. एअरबॅगचाही विझला. आणि माझा हात स्टिअरिंगच्या मधल्या गोलावर होता. चहाच्या बशीएवढा गोल, त्यात हॉर्नचं बटण.

यात एअरबॅग मावणार कुठं?

सकाळपासून दोनदा मी त्याच सीटवर बसलो होतो. दोन्ही वेळा तो दिवा विझताना बघितला आणि बरं वाटलं. स्कॅनरही एअरबॅगच्या पानावर 'बिघाड नाही' म्हणत होता, मी पुढचं पान उघडलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

गाडी परत आत घेतली. बॅटरीची मायनस काढली आणि चहा मागवला. एअरबॅगच्या वायरिंगला हात लावण्याआधी दहा मिनिटं थांबतोच मी, तिच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये चार्ज उरलेला असतो. मग स्टिअरिंगखालचा प्लग सोडला. काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक रेझिस्टर, दोन ओहमच्या आसपासचा. मॉड्यूल तारेतला रोध तपासतं, तेवढा मिळाला की एअरबॅग जाग्यावर आहे असं समजतं. दिव्याचा बल्ब काढून टाकणारे बघितलेत मी, पण ते पकडता तरी येतं, कारण चावी फिरवल्यावर दिवा लागतच नाही. हे काम हुशार माणसाचं होतं, आणि त्याचाच राग जास्त आला.

पोराला बोलावून दाखवलं.

"म्हणजे बलून नाहीच?"

"डावीकडं आहे. चालवणाऱ्यापुढं नाही."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "उद्या पप्पा चालवणार होते."

रेझिस्टर काढला. बॅटरी जोडून चावी फिरवली, एअरबॅगचा दिवा लागला तो लागलाच. बिघाड एकाच एअरबॅगचा असला तरी दिवा पेटला की पुष्कळ गाड्यांत सगळीच यंत्रणा बंद राहते, तेव्हा आता डावीकडच्या बलूनचाही भरवसा धरू नकोस, हे त्याला दोनदा सांगितलं. त्यानं तिथंच उभं राहून मावसभावाला फोन केला आणि उद्यासाठी त्याची गाडी मागितली.

बिलावर शेवटची ओळ लिहिली: 'ड्रायव्हर एअरबॅग नाही, दिवा चालू ठेवला आहे', आणि खाली त्याची सही घेतली. पुढच्या रकान्यात आकडा नाही बघून त्यानं विचारलं, "याचे किती?"

"मूळ स्टिअरिंग आण. एअरबॅग नवी आण, जुन्या बाजारातली नको. मग बसवायचे घेतो."