बिजागरीजवळचा तडा: वॉरंटीतील लॅपटॉपसाठी अकरा महिने

३ एप्रिल २०२४ रोजी सकाळी लॅपटॉप उघडला, तेव्हा पडद्याच्या उजव्या भागात वरपासून खालपर्यंत हिरव्या-जांभळ्या उभ्या रेघा दिसल्या. झाकण थोडे मागे नेले की त्या नाहीशा होत आणि पुढे आणले की पुन्हा उमटत. दुपारपर्यंत अर्धा पडदा काळा झाला. हा लॅपटॉप मी जून २०२३ मध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ५८,९९० रुपयांना घेतला होता. वॉरंटी एक वर्षाची होती आणि तिचे दोन महिने अजून शिल्लक होते. मी सांगलीत घरी बसून भाषांतराचे काम करते. घरात दुसरा संगणक नाही आणि या एका यंत्रावर माझा महिन्याचा खर्च चालतो, हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे हीच गोष्ट माझ्याविरुद्ध वापरली गेली.

त्या संध्याकाळी एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरातल्या टीव्हीला जोडून पाहिला. टीव्हीवर चित्र अगदी स्वच्छ आले, म्हणजे यंत्राच्या आतला ग्राफिक्सचा भाग शाबूत होता आणि दोष पडद्यात किंवा पडद्याकडे जाणाऱ्या केबलमध्ये होता. टीव्हीसमोर बसूनच मी सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका संगणक दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी झाकण दोन-तीन वेळा हळूहळू हलवून पाहिले आणि सांगितले की पडद्याची केबल बिजागरीतूनच वर जाते. बिजागरी जास्त घट्ट असली तर प्रत्येक उघडझापीला केबलवर आणि ज्या प्लास्टिकमध्ये बिजागरीचे स्क्रू बसवलेले असतात त्या प्लास्टिकवर ताण येत राहतो. यंत्र उघडून पाहण्याची मी विनंती केली, तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. “ताई, वॉरंटी आहे तोवर मी स्क्रूला हात लावणार नाही. उद्या ते म्हणतील, बाहेर उघडला.” त्यांच्या या सल्ल्याने माझे पुढचे सगळे प्रकरण वाचले.

कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक मी प्रथम इंटरनेटवर शोधला. वर आलेल्या एका क्रमांकावर बोलणाऱ्या माणसाने लॅपटॉपचा मॉडेल क्रमांकही न विचारता मोबाइलवर एक ॲप उतरवून घ्यायला सांगितले आणि नोंदणीसाठी दहा रुपये भरायला सांगितले. मी फोन बंद केला. अशा बनावट क्रमांकांवरून मोबाइलचा ताबा घेऊन खाते रिकामे केल्याचे प्रकार सर्रास घडतात; कोणाचे पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे लागते. खरा क्रमांक वॉरंटी कार्डावर छापलेला होता. तो प्रथमच तिथून घ्यायला हवा होता.

पुढचे तीन आठवडे मी त्या क्रमांकावर पाच वेळा बोलले. बोलणारी माणसे सौजन्याने बोलत होती आणि त्यांच्यापैकी कोणाविषयीही माझ्या मनात राग नाही. परंतु प्रत्येक वेळी नवीन व्यक्ती असे आणि मी तक्रार क्रमांक सांगितला तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागे. ड्रायव्हर अद्ययावत करा, बायोस अद्ययावत करा, शेवटी संपूर्ण संगणकप्रणाली पुन्हा टाका, अशी पायऱ्यांची यादी त्यांच्यासमोर असे आणि झाकणाच्या कोनानुसार चित्र येते-जाते हे माझे वाक्य त्या यादीत कुठेच बसत नसे. संगणकप्रणाली पुन्हा टाकूनही झाली. रेघा तशाच राहिल्या. दुसऱ्या फोननंतर मी एका वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याने सांगितलेले नाव आणि झालेले बोलणे लिहायला लागले, आणि प्रत्येक फोननंतर ‘आज आपण मला असे सांगितले’ एवढाच मजकूर असलेली ईमेल कंपनीला पाठवू लागले. समोरच्या बाजूला आधीचे बोलणे आठवणारे कोणीच नसेल, तर ते आठवून ठेवणे आणि लिहून ठेवणे हे काम ग्राहकाच्या अंगावर येते. ते मी मनापासून केले आणि नंतर त्याचाच मला उपयोग झाला.

२६ एप्रिलला तंत्रज्ञ घरी आला. त्याने यंत्राची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली, टीव्हीवर चित्र नीट येते हे पाहिले आणि पडदा व केबल बदलावी लागेल असे सांगितले. जाण्यापूर्वी त्याने सेवा अहवालावर माझी सही घेतली. त्यात यंत्राच्या बाह्य स्थितीचा एक रकाना होता आणि त्यात त्याने स्वतःच्या हाताने ‘ठीक’ असे लिहिले होते. त्या वेळी मला त्या शब्दाचे महत्त्व कळले नव्हते. केवळ सवयीने मी त्या कागदाचे छायाचित्र काढून ठेवले.

तीन दिवसांनी ईमेल आली. छायाचित्रांत बिजागरीजवळ तडा दिसतो, म्हणजे ग्राहकाकडून यंत्राला इजा झाली आहे, असे नुकसान वॉरंटीत बसत नाही आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च १९,४०० रुपये येईल, असे त्यात लिहिले होते. मी विजेरी घेऊन बसले. उजव्या बिजागरीच्या खाली, नखाएवढ्या लांबीचा, केसासारखा बारीक तडा खरोखरच होता. लॅपटॉप कधीही पडला नव्हता. पडला असता तर कडा किंवा कोपरा चेपला असता, आणि कोपरे नवे असल्यासारखे होते. दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी बिजागरीच्या ताणाविषयी सांगितले होते ते मला तेव्हा नेमके आठवले. ज्या ताणाने केबल निकामी झाली, त्याच ताणाने प्लास्टिकही तडकले असणार. म्हणजे दोषाच्या एका परिणामाचे बोट धरून दुसऱ्या परिणामाची जबाबदारी नाकारली जात होती. हे मी तपशीलवार लिहून कळवले. उत्तरात पहिल्या ईमेलमधला परिच्छेद जसाच्या तसा परत आला.

ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्या मंचाने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. मी त्या अधिकाऱ्याला लिहिले. पोच वेळेत आली. निवारण म्हणून ‘वॉरंटी ही उत्पादकाची जबाबदारी आहे’ एवढेच कळवण्यात आले. मेच्या अखेरीस मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता आले, नोंदणी क्रमांक लगेच मिळाला आणि तक्रार कंपनीकडे पाठवली गेली. ही हेल्पलाइन दाव्यापूर्वी समेट घडवण्यासाठी आहे, तिला कंपनीवर आदेश काढण्याचा अधिकार नाही, हे मात्र आधी समजून घ्यायला हवे. तीन आठवड्यांनी कंपनीचे तेच उत्तर जोडून माझी तक्रार बंद झाली. तरीही तो प्रयत्न वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण मी समेटासाठी सर्व मार्गांनी प्रयत्न केला होता याचा तो सरकारी पुरावा ठरला. तोपर्यंत वॉरंटीची मुदतही उलटून गेली होती. दोष मुदतीत कळवला गेल्याने त्याने फरक पडत नव्हता, पण माझ्या मनावर मात्र त्याचे ओझे आले.

जुलैमध्ये मी नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह, उत्पादक आणि विक्रेता दोघांना नोटीस पाठवली. कायद्याने ती सक्तीची नाही, तरी पाठवलेली बरी, असे एका वकील मैत्रिणीने सुचवले. उत्तर कोणाचेच आले नाही. मग मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाण्याचे ठरवले. १९,४०० रुपयांसाठी एवढा व्याप कशाला, असे घरातल्यांनी विचारले आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. परंतु मी न केलेली चूक माझ्या नावावर लिहिली गेली होती, आणि पैसे भरणे म्हणजे ती मान्य करणे होते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील तीन तरतुदींमुळे हे मला जमले. पहिली म्हणजे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता आणि उत्पादक दोघेही परराज्यातले असूनही मला सांगलीतच दाद मागता आली; १९८६ च्या जुन्या कायद्यात अशी सोय नव्हती. दुसरे, वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तिसरे, वकील न देता स्वतः बाजू मांडता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावे लागते, ती मुदतही माझ्यापाशी भरपूर होती. गणपती झाल्यावर, २० सप्टेंबर २०२४ रोजी, तेव्हा सुरू असलेल्या ई-दाखिल संकेतस्थळावरून मी तक्रार दाखल केली. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी ई-जागृती आले आहे.

तक्रार लिहायला मला आठ दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मी फार संतापाने लिहिले होते. मैत्रिणीने त्यातली सगळी विशेषणे काढून टाकायला लावली आणि प्रत्येक वाक्यासमोर त्याचा कागद कोणता ते लिहायला सांगितले. ज्या वाक्याला कागद नव्हता ते वगळले. कागदयादीत बिल, वॉरंटी कार्ड, सेवा अहवाल, तारीखवार ईमेल, हेल्पलाइनचे उत्तर, नोटिशीच्या पोचपावत्या आणि झाकणाच्या कोनानुसार रेघा येता-जाताना दाखवणारा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ एवढे होते. सोबत तक्रारीच्या पुष्टीचे प्रतिज्ञापत्र. ईमेल आणि व्हिडिओ हा इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याने १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ चे प्रमाणपत्रही मी जोडले. ते तयार करणे हा सगळ्यात किचकट भाग होता, कारण त्यात प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पटवणारा, तिच्यावरूनच काढलेला सांकेतिक क्रमांक) द्यावे लागते आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. मागणीत मी पडदा, केबल व बिजागरी विनामूल्य बदलून द्यावी, ते न झाल्यास संपूर्ण किंमत परत करावी आणि मानसिक त्रास व खर्चापोटी भरपाई द्यावी, असे लिहिले. तोपर्यंत मी ६,८०० रुपयांचा एक मॉनिटर घेऊन त्यावर काम चालवत होते. ती पावतीही जोडली.

ऑक्टोबरमध्ये तक्रार दाखल करून घेण्यात आली आणि दिवाळीनंतर जाबदारांना, म्हणजे उत्पादक आणि विक्रेत्याला, नोटीस बजावली गेली. लेखी म्हणणे देण्यास ३० दिवस असतात आणि आयोग फार तर आणखी १५ दिवस वाढवू शकतो; त्यापलीकडे मुदत देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिलेले आहे. उत्पादकाचे म्हणणे ४३ व्या दिवशी आले. त्यात तड्याचा मुद्दा होताच, पण पहिला आक्षेप वेगळाच होता. भाषांतराच्या व्यवसायासाठी घेतलेला लॅपटॉप ‘व्यावसायिक कारणासाठी’ असल्याने मी ग्राहकच नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि पुरावा म्हणून ‘माझ्या कामाचा खोळंबा होत आहे’ ही माझीच ईमेल जोडली होती. वाचताना हात थरथरले. परंतु कायद्यातील ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण आहे की स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराने वापरण्याकरता घेतलेली वस्तू व्यावसायिक कारणात मोडत नाही. शिवणयंत्रावर पोट भरणारी बाई किंवा रिक्षा घेऊन ती स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच असतो. मी एकटीच काम करते, हाताखाली कोणी नाही, बिल माझ्या वैयक्तिक नावाचे आहे, हे प्रत्युत्तरात लिहिले.

तड्याविषयी मी फारसे काहीच लिहिले नाही. त्यांच्याच तंत्रज्ञाने बाह्य स्थितीच्या रकान्यात लिहिलेला ‘ठीक’ हा शब्द अधोरेखित करून अहवालाची प्रत पुन्हा जोडली आणि गरज वाटल्यास यंत्राची तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी अशी विनंती केली. पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी तडजोडीविषयी विचारले.

अटींवर तीन आठवडे ये-जा झाली. त्यांची पहिली तयारी फक्त पडदा बदलण्याची होती. बिजागरी तीच राहिली तर वर्षभरात केबल पुन्हा जाईल, म्हणून मी ते मान्य केले नाही. शेवटी पडदा, केबल आणि दोन्ही बिजागऱ्या विनामूल्य, नव्या भागांवर एक वर्षाची लेखी हमी आणि खर्चापोटी ७,००० रुपये असे ठरले. दुरुस्ती होऊन पैसे जमा झाल्यावर, मार्च २०२५ मध्ये, तडजोडीची पुरशिस, म्हणजे तडजोड झाल्याचे आयोगाला लेखी कळवणारा अर्ज, दाखल करून तक्रार निकाली काढण्यात आली. नव्या बिजागऱ्या हाताला स्पष्टपणे सैल लागतात. झाकण आता एका हाताने उघडते आणि उघडताना यंत्राचा खालचा भाग उचलला जात नाही.

पुरशिसीत ‘कोणताही दोष मान्य न करता’ असे शब्द आहेत आणि त्यावर माझी सही आहे. निकालापर्यंत लढले असते तर कदाचित ते शब्द राहिले नसते, हे मैत्रिणीने मला सही करण्यापूर्वी सांगितले होते. परंतु तपासणी, पुरावा आणि युक्तिवाद यांत आणखी किती महिने गेले असते ते कोणी सांगू शकत नव्हते, आणि मला यंत्र हवे होते. अकरा महिन्यांत परत पाठवलेल्या दोन कामांचे पैसे त्या ७,००० रुपयांत आलेले नाहीत. सेवा अहवालाची मूळ प्रत मी अजून जपून ठेवली आहे.