बायादोलिदमधला बेग

स्पेनमधलं सालामांका सोडून तास-सव्वा तास झाला होता, तेवढ्यात बसच्या गिअरबॉक्समधून कुणी खोबरं खवतंय असा आवाज यायला लागला. ड्रायव्हरने कशीबशी गाडी बायादोलिदच्या बसस्टँडपर्यंत आणली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. दुसरी बस माद्रिदहून येणार होती, संध्याकाळी पाचपर्यंत. घड्याळात पावणेबारा. मुक्काम बुर्गोसला. माझ्याबरोबर २९ माणसं, बहुतेक पुणे, सांगली, नाशिककडची, निवृत्त, आणि कार्यक्रमपत्रिकेत या गावाचं नावसुद्धा नाही.

एकोणीस वर्षं टूर लीडर म्हणून काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. मराठी माणूस बस बंद पडल्याचं सहन करतो, नुसतं बसून राहणं सहन करत नाही.

पहिले दोन तास निभावले. बसस्टँडजवळच काम्पो ग्रांदे नावाची मोठी बाग आहे. तिथे झाडाखाली डबे उघडले. मोर तिथे मोकळेच फिरतात. चिवड्याचा वास लागल्यावर त्यांनी आम्हाला घेरलं आणि मंडळी एकदम खूश झाली. एका काकांनी मोराला भडंग घातलं. बागेच्या रखवालदाराने त्यावर मला जे सुनावलं ते मी भाषांतर न करता गिळलं. मग पुढे काय, म्हणून 'डॉन किहोते' लिहिणारा सेर्व्हान्तेस ज्या घरात राहत होता ते घर दाखवायला नेलं, तर एका मावशींनी विचारलं, "हे पुस्तकवाले का? मग आत जायलाच पाहिजे का?"

तेव्हा मला उरूज बेग आठवला.

पुण्यात स्पॅनिश शिकत होते तेव्हा सरांनी मला एका जुन्या पुस्तकातली काही पानं मराठीत करायला दिली होती. १६०४ साली याच बायादोलिदमध्ये छापलेलं पुस्तक, लेखक 'दोन हुआन दे पेर्सिया', म्हणजे इराणचे हुआनराव. वर्गात आम्ही हसलो होतो. पण ते हुआनराव जन्माने उरूज बेग बयात. बयात ही तुर्की टोळी, इराणच्या सफवी घराण्यातल्या शाहांना गादीवर बसवणाऱ्या किझिलबाश टोळ्यांपैकी एक. किझिलबाश म्हणजे लाल डोक्याचे. बारा इमामांच्या नावाने बारा पट्ट्यांची लाल टोपी घालायचे म्हणून.

"चला," म्हटलं, "एका माणसाची गोष्ट सांगते. तो याच रस्त्यांवरून फिरला आणि इथेच मेला." मेला म्हटल्यावर सगळे उठले.

चालता चालता सांगत गेले. उरूज बेगचे वडील सुलतान अली बेग हे तब्रीझसाठी उस्मानी तुर्कांशी लढताना १५८५ मध्ये पडले. मुलगाही तलवारीचाच माणूस. सफवी दरबारात बोलणं तुर्कीत चाले, कागदपत्रं फारसीत. तलवार तुर्कांनी धरायची आणि लेखणी इराण्यांनी, अशी साधारण वाटणी. आणि याच बेगला १५९९ मध्ये इराणच्या शाह अब्बासने हुसेन अली बेग या वकिलाबरोबर, म्हणजे राजदूताबरोबर, चिटणीस करून युरोपात पाठवलं. उस्मानांविरुद्ध ख्रिस्ती राजांची मदत मागायची, असं काम.

सांगलीचे एक निवृत्त इतिहासशिक्षक पहिल्यापासून माझ्या उजव्या हाताला चालत होते. ते म्हणाले, "म्हणजे पारसनीस." मी म्हटलं, अगदी तसंच. हे 'नीस' फारसीतल्या नवीसचंच, लिहिणारा. मग गुरुजींनी स्वतःहून भर घातली. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने आपल्या सैनिकांना हीच बारा टोकांची लाल टोपी घालायला लावली होती, आणि कुतुबशाहीचा मूळपुरुष सुलतान कुली हादेखील इराणातून आलेला तुर्कमानच. एकदम सगळ्यांना हा माणूस शेजारच्या वाड्यातला वाटायला लागला. मला हे सुचलं नव्हतं, गुरुजींना सुचलं.

प्रवास मी भरभर सांगितला, कारण तो ऐकतानाच दमायला होतं. कास्पियन समुद्र, अस्त्राखान, व्होल्गातून वर मॉस्को. तिथून अर्खांगेल्स्क, नॉर्वेला वळसा घालून जर्मनी, मग प्रागला सम्राट रुडॉल्फ. बरोबर अँथनी शर्ली नावाचा एक इंग्रज, शाहाचा दूत म्हणून मिरवणारा. नजराण्याच्या ३२ पेट्या त्याच्या ताब्यात गेल्या आणि पुढे त्या कुणाला दिसल्या नाहीत. त्याने त्या विकून खाल्ल्या, असा इराण्यांचा आरोप. रोमला पोपसमोर आधी कोण जाणार यावरून शर्ली आणि हुसेन अली बेग भांडले. रोममध्येच वकिलाच्या लवाजम्यातली तीन माणसं ख्रिस्ती झाली आणि तिथेच राहिली.

"आपल्या टूरमधले दोघे लिस्बनला राहिले होते ना, तसंच," एक काकू म्हणाल्या. (ते दोघे दुकानात राहिले होते. पण असो.)

सान पाब्लोच्या चौकात आलो. समोर चर्चचा तो दगडी दर्शनी भाग, जणू देव्हाराच रस्त्यावर आणून उभा केलेला, आणि पलीकडे राजवाडा. १६०१ ते १६०६ स्पेनची राजधानी माद्रिद नव्हती, हे गाव होतं. तिसरा फिलिप या राजवाड्यात राहायचा. वकील इथे आला तो १६०१ च्या उन्हाळ्यात. त्याचा पुतण्या अली कुली बेग इथेच ख्रिस्ती झाला, राजा स्वतः धर्मपिता, नाव पडलं फेलिपे. वकील बाकीच्यांना घेऊन लिस्बनला निघाला, जहाजाने घरी जायला. वाटेत मेरिदा गावात त्यांच्याबरोबरच्या मुल्लाला कुणीतरी भोसकून मारलं. त्याची दाद मागायला उरूज बेग परत राजाकडे, या गावात आला. आणि त्या फेरीत तोही हुआन झाला. राणी मार्गारेट धर्ममाता.

इथे माझ्या गोष्टीचा ताबा माझ्याकडून सुटला.

"फितूर," एक काका म्हणाले. "ज्याचं मीठ खाल्लं..."

"अहो, पण मुल्ला मेल्यावर त्याला भीती वाटली असेल."

"भीती वाटली म्हणून धर्म सोडतात का?"

"पगार कोण देत होतं?" हा प्रश्न बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा. मी सांगितलं की राजाने तनखा लावून दिला. "मग झालं," ते म्हणाले, जणू खातं जुळलं.

गुरुजी म्हणाले, शाह अब्बास या किझिलबाश सरदारांचेच पंख कापत होता, त्यांच्या जागी कॉकेशसमधले गुलाम आणून बसवत होता. परत जाऊन याला काय मिळणार होतं? त्यावर पहिले काका गुरुजींवरच घसरले. दोघे दगडी बाकावर बसून वाद घालत राहिले. एक स्पॅनिश बाई कुत्रा घेऊन थांबली आणि मला विचारू लागली, काही झालंय का. मी म्हटलं, चारशे वर्षांपूर्वी झालंय.

मी तीस वर्षांपूर्वी ती पानं मराठीत केली तेव्हा हा माणूस मला नुसता मजेदार वाटला होता. फितूर की बिचारा, असं काही मनात आलं नव्हतं. मी अडले होते ते भाषेशी. फारसीत ठेवलेली टिपणं, एका स्पॅनिश पंडिताच्या मदतीने कास्तियानोत, म्हणजे स्पॅनिशमध्ये, आणलेली, आणि अर्पण कुणाला, तर फिलिप राजाला. शाहासाठी लिहायला सुरुवात केलेली वही दुसऱ्याच राजाच्या पायाशी गेली. पहिल्या भागात इराणचे प्रांत, टोळ्या, दुसऱ्यात लढाया, वडिलांचं मरण. ते तो मन लावून सांगतो. आता चौकात उभी राहून सांगताना मला पहिल्यांदा वाटलं, की परक्या राजाला आपला मुलूख असा एकेक करून समजावून सांगणारा माणूस घरी बसून आठवणी मोजत असणार. काकांना हे मी बोलले नाही. ते म्हणाले असते, म्हणजे हेरगिरीच की.

"बायको होती का त्याला?" नाशिकच्या एक काकू एवढा वेळ गप्प होत्या, त्यांनी विचारलं.

होती. मुलगाही होता, दोघं इराणात. बाप्तिस्मा लपवून लिस्बनहून जहाजात बसायचं, घरी जायचं आणि त्यांना घेऊन यायचं, असा त्याचा बेत होता. पण वकिलाला सुगावा लागला, जिवावर बेतलं, आणि तो मागेच राहिला.

काकू काही बोलल्या नाहीत. बाकावरचा वादही थांबला.

शेवट मी थोडक्यात सांगितला. १६०५ चा मे महिना. एप्रिलमध्ये राणीला मुलगा झाला होता, पुढचा चौथा फिलिप. त्याचा बाप्तिस्मा महिनाअखेरीस समोरच्या याच चर्चमध्ये व्हायचा होता, गावात तयारी चालू होती. त्या दिवसांत याच गावात, रस्त्यावरच्या एका भांडणात राणीचा हा इराणी धर्मपुत्र मारला गेला.

बस साडेपाचला आली. बुर्गोसचं कॅथेड्रल बाहेरूनच बघावं लागलं. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे कागद गोळा केले, त्यात बँकवाल्या काकांनी लिहिलं होतं, "बुर्गोसला अन्याय झाला." ते खरंच आहे.

त्या रात्री हॉटेलच्या लॉबीत नाशिकच्या काकू वही घेऊन माझ्याजवळ आल्या. रोजचा हिशेब आणि पाहिलेली ठिकाणं त्या रोज लिहायच्या. नाव कसं लिहायचं विचारलं. मी सांगितलं आणि वहीत डोकावले. "बायादोलिद. बस बंद. मोर. कॉफी २ युरो. उरूज बेग, चिटणीस, इराण. बायको व मुलगा घरी."