शंभर वर्षांच्या पाइनच्या फळ्या घेताना

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनात, डरहॅमला. बांधकाम 1920 च्या दशकातलं. मागच्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातला पाइप फुटला आणि 120 चौरस फुटांची लाकडी जमीन फुगून वर आली. निघालेल्या एका फळीचं टोक साफ कापून मी भिंगाखाली धरलं आणि टाचणीने वाढीची वलयं मोजली. एका इंचात 22! दुकानातल्या नव्या पाइनच्या फळीत जेमतेम 5. इतकी दाट वलयं म्हणजे सावकाश वाढलेलं, घट्ट लाकूड. तेव्हाच ठरवलं, जुनंच लाकूड आणायचं.

हे लाँगलीफ पाइन. एके काळी व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत सुमारे 9 कोटी एकरांवर त्याची जंगलं होती. 1920 च्या दशकापर्यंत ती बहुतेक तोडली गेली. सावकाश वाढलेल्या त्या झाडांचा राळेने भरलेला तांबूस गाभा आता मुख्यतः पाडलेल्या कापडगिरण्या आणि गोदामांच्या तुळयांतून मिळतो. मी लालबागची. गिरणीचं लाकूड म्हटल्यावर जीव अडकलाच.

चूक पुढे झाली. फोनवर ‘सिलेक्ट’ ग्रेड मागवली आणि नावावर विसंबले. आलेल्या बऱ्याच फळ्यांना एका कडेने फिकट पट्टा होता. तो गाभा नव्हे, बाहेरचं मऊ लाकूड. विक्रेता म्हणाला, आमच्याकडे सिलेक्ट म्हणजे हेच. त्याचंही खोटं नव्हतं, कारण जुन्या लाकडाच्या ग्रेडची नावं ज्याची त्याची वेगळी असतात. माल परत गेला, नेण्याआणण्याचा खर्च मात्र माझ्या अंगावर पडला.

दुसऱ्या ठिकाणी मी स्वतः गेले आणि ग्रेडचं नाव बाजूला ठेवूनच विचारलं: गाभा किती टक्के? इंचाला वलयं किती? लाकडातल्या रेघा उभ्या की कमानीसारख्या? खिळ्यांची भोकं किती, गाठी केवढ्या? उभ्या रेघांची फळी कमी फुगते, कमी आकसते, आणि महागही तीच. स्वयंपाकघरासाठी मी तीच घेतली, पण खिळ्यांच्या भोकांची. त्या भोकांभोवती गंजाने काळी वर्तुळं उमटलेली असतात. बिनडागी फळीपेक्षा मला ती जास्त आवडली, आणि पैसेही वाचले. लाकूड भट्टीत वाळवलंय ना, हेही विचारून घेतलं. नाहीतर राळ पुढे पाझरत राहते.

फळ्या दोन आठवडे घरातच, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या. ओलावा आठ टक्क्यांवर स्थिरावल्यावर सुतारांनी काम धरलं. घासताना राळेने पॉलिशपेपर सारखा चिकटत होता. घरभर टर्पेंटाइनचा वास. एका फळीत मोडका खिळा राहिला होता. तो आधी हाताला लागला म्हणून मशीनचं पातं वाचलं.

बसवल्यावर नवा भाग शेजारच्या खोलीपेक्षा फिकट, मधासारखा दिसत होता. हे पाइन उजेडाने गडद होत जातं, म्हणून स्वयंपाकघरात मी अजून चटई टाकलेली नाही. खिडकीखालच्या फळ्या एव्हाना तांबूस झाल्यात. फ्रिजजवळच्या अजून मागे आहेत.