ऑक्सफर्ड सोडून डॉर्चेस्टरला का?

पुण्याहून कुणी आलं की मी त्यांना ऑक्सफर्डची कॉलेजं भराभर दाखवतो आणि जवळच्या डॉर्चेस्टर-ऑन-टेम्स या खेड्यात नेतो. वस्ती जेमतेम हजारभर. लगेच ठरलेला प्रश्न येतो, "इथे आहे तरी काय?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

या गावाची कुंडलीच उतरत्या भाजणीची. टेम नावाची छोटी नदी टेम्सला मिळते, तिथे रोमनांचं तटबंदीचं शहर होतं. पुढे ६३५च्या सुमारास बिरिनस नावाच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकाने वेसेक्सचा राजा किनेगिल्स याला इथेच बाप्तिस्मा दिला आणि गाव बिशपचं ठाणं झालं. फ्रान्सकडून नॉर्मन आले, त्यांनी ते ठाणं लिंकनला हलवलं. मग मठ आला, तोही १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने बंद केला.

मठ बंद झाला की छपराचं शिसं विकायचं, दगड पळवायचे, हा तेव्हाचा शिरस्ता. इथे रिचर्ड बोफॉरेस्ट नावाचा पैसेवाला गावकरी पुढे आला. १४० पौंड मोजून त्याने मठाच्या चर्चचा पूर्वेकडचा भाग विकत घेतला आणि पुढे मृत्युपत्राने गावाला दिला. एवढ्याशा गावात एवढं लांबलचक चर्च कसं, याचं उत्तर हे. एरवी गावच्या श्रीमंतांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण याला मानलं.

आत बाप्तिस्म्याचं कुंड आहे, बाराव्या शतकातलं, शिशाचं. भोवती येशूचे शिष्य ओळीने बसलेत. मोजलेत तर बाराऐवजी अकराच भरतात; येशूला दगा देणाऱ्या यहूदाला जागा नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात बंदुकीच्या गोळ्या ओतायला शिसं हवंच असायचं, त्यातून हे कसं सुटलं कोण जाणे.

गावाबाहेर डाइक हिल्स, म्हणजे लोहयुगातले मातीचे दुहेरी बांध. १८७०च्या सुमारास जमीनमालकाने ते सपाट करायला घेतले आणि देशभर ओरड झाली. प्राचीन स्मारकांसाठी १८८२चा कायदा झाला, त्यामागे जी प्रकरणं होती त्यांत हेही एक.

घोडागाड्यांच्या जमान्यातल्या सराया हमरस्त्यावर अजून उभ्या आहेत. हमरस्ता मात्र आता गावाला वळसा घालून जातो. याल तेव्हा पलीकडच्या विटनमच्या टेकडीवर चढा. बांध खालून नुसते उंचवटे वाटतात, त्यांची आखणी कळते ती वरूनच. आणि बूट चिखलात गेले तरी हरकत नाही असेच घाला.