तानपुरा लागेपर्यंतचा वेळ

मोठ्या गवयांकडून काय घेतलंत, असं कुणी विचारलं की मला तानांच्या आधी तानपुरा आठवतो. तो लावण्यात त्यांनी घालवलेला वेळ आठवतो. गुरुजींकडून पलटे, म्हणजे स्वरांचे सरावाचे पाठ, मिळाले, बंदिशी मिळाल्या, रागाची शिस्त मिळाली. पण मोठा कलाकार स्वरापुढे कसा बसतो, हे मला पुण्यात, दर डिसेंबरला सवाईच्या मांडवात कळत गेलं.

सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. १९५२ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे त्यांच्या स्मृतीचा उत्सव पुण्यात सुरू केला. गदगच्या घरातून गुरूच्या शोधात पळालेला हा मुलगा वणवण करून शेवटी कुंदगोळला रामभाऊंच्या दारात पोचला होता. जे मिळालं ते कुणामुळे मिळालं, हे तो जन्मभर विसरला नाही. स्वतःच्या नावावर देशभर सभागृहं भरत असताना भीमसेनजी दर वर्षी या उत्सवात गुरूचे शिष्य म्हणून वावरत. मला त्यांच्या गाण्याइतकंच हे मोठं वाटतं.

आमच्या लहानपणी गाणं रात्रभर चाले. रमणबागेच्या मैदानावर भारतीय बैठक, अंगावर शाली आणि रजया, कुणाकडे थर्मासमधला चहा. सनईने सुरुवात व्हायची. मध्यरात्रीनंतर थंडी वाढत जायची, आम्ही पोरं वडिलांच्या मांडीवर डोकं टेकायचो. पहाटे निम्मा मांडव पेंगत असे. तेवढ्यात कुणीतरी पहाटेचा राग ललत धरायचा, त्यातले शुद्ध आणि तीव्र असे दोन मध्यम शेजारी शेजारी यायचे आणि पेंगणारी माणसं सावरून बसायची. ‘आता ऐका हं’ असं कुणालाही सांगावं लागत नसे. राग आणि वेळ यांचं नातं मी वहीत लिहून घेतलं ते फार नंतर. त्याच्या कितीतरी आधी ते अंगाला माहीत झालं होतं.

पण मुद्दा तानपुऱ्याचा. पडदा उघडायचा, कलाकार नमस्कार करून बसायचे आणि मग बराच वेळ नुसतं जुळवणं चालायचं. लहानपणी हा वेळ गाण्यात धरायचा नसतो असं वाटे. गाणं शिकायला लागल्यावर तोच वेळ मी सगळ्यात लक्ष देऊन पाहू लागले. आधी जोड्याच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारा एकमेकींत मिसळून टाकायच्या, इतक्या की दोन आहेत हे कळू नये. मग पहिली तार: पंचम, नाहीतर रागात पंचम नसेल तर मध्यम किंवा निषाद. किराणा घराण्याच्या, म्हणजे खाँसाहेबांच्या परंपरेतल्या गवयांचा एक तानपुरा तर बऱ्याचदा निषादातच लावलेला असतो. शेवटी खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो दोरा नखाने केसभर पुढेमागे करायचा आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलली की खर्जाच्या तारेतून, कुणीही न छेडता, गंधार ऐकू येऊ लागतो. हा गंधार ज्याला ऐकू आला, त्याला आणखी वेगळं काही शिकवावं लागत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तो स्वर लागेपर्यंत थांबण्याची तयारी थोर कलाकारांत असते. समोर हजारो माणसं वाट बघत असली तरी.

किशोरीताई आमोणकरांच्या बाबतीत या थांबण्याविषयी लोक पुष्कळ बोलत. तानपुरे मनासारखे लागले नाहीत, ध्वनियोजना बिघडली किंवा मांडवात कुजबुज असली, तर त्या सुरुवात करत नसत. काहींना तो लहरीपणा वाटे. मला कधीच वाटला नाही. रागाचा भाव हाच ज्यांनी गाण्याचा प्राण मानला, त्यांनी कुरकुरत्या तानपुऱ्यावर भूप राग कसा उभा करावा? त्यातला गंधार किंचित इकडे तिकडे झाला की सगळी प्रकृतीच बदलते. त्या हटून बसत त्या श्रोत्यांसाठीच, हे त्यांचा पहिला षड्ज लागला की समजायचं.

गंगूबाई हनगल मंचावर आल्या की मांडव वेगळ्याच तऱ्हेने शांत व्हायचा. बारीक चणीची, साध्या साडीतली बाई, एक हात कानापाशी, आणि आवाज असा भरदार की नव्याने ऐकणारा चमकून बघे. शेजारी कन्या कृष्णाबाई साथीला. १९३०च्या दशकातल्या तबकड्यांवर गंगूबाईंचा आवाज चढा आणि नाजूक ऐकू येतो. पुढे घशावर शस्त्रक्रिया झाली आणि तो कायमचा बदलला. दुसरी एखादी गायिका तिथेच थांबली असती. त्यांनी नवा आवाज जसा आहे तसा स्वीकारला, ठुमरी-दादऱ्याची वाट सोडली आणि ख्यालाच्या संथ बढतीत त्या आवाजाचं वजन लावलं. निषादापाशी येऊन त्या रेंगाळत, आता षड्ज देतील म्हणून आपण पुढे सरकावं तर पुन्हा धैवताकडे वळत. शेवटी तो षड्ज यायचा तेव्हा मांडवभर एकदम सुस्कारा ऐकू येई. माझा स्वतःचा आवाज फार वर जात नाही. गंगूबाईंना ऐकलं नसतं तर मी त्याचं दुःख करत बसले असते.

फिरोज दस्तूर यांची गोष्ट आणखी निराळी. मुंबईचे पारशी, तरुणपणी वाडिया मूव्हीटोनच्या बोलपटांत गाजलेले नट. ते सगळं मागे ठेवून गाण्याकडे वळले आणि सवाई गंधर्वांचे शिष्य झाले. त्यांचा ख्याल संपत आला की श्रोत्यांतून ठरलेली फर्माईश यायची, ‘गोपाला!’ अब्दुल करीम खाँसाहेबांनी गायलेलं ते करुणेचं पद दस्तूरबुवा वर्षानुवर्षं गात आले. माझ्या मनात एकदा आलं होतं, यांना कंटाळा येत नसेल का? मी बारकाईने ऐकलं. त्या वर्षी ‘करुणा’ या शब्दावर त्यांनी अशी काही जागा, म्हणजे स्वरांचं वळण, घेतली की आधी ऐकलेलं सगळं बाजूला पडलं. तीच ओळ पुन्हा आली तेव्हा ती जागा नव्हती, दुसरीच होती. भीमसेनजींचंही तसंच. शुद्ध कल्याण, मुलतानी, पूरिया, दरबारी, तोडी, असे मोजकेच राग त्यांनी आयुष्यभर घासले. श्रोत्यांना पुढची जागा ठाऊक असायची आणि तरी ती आली की अंगावर काटा यायचा.

मल्लिकार्जुन मन्सूर बरोबर उलट्या टोकाला. अनवट आणि जोडराग, लांबलचक आलापी नाही, थेट बंदिशीला हात आणि मग समेपर्यंत श्वास घ्यायला सवड नाही. मोठी कीर्ती त्यांच्या वाट्याला उतारवयात आली. पण ते गायला बसले की वाटे, हे वाट पाहणं त्यांना कधी जाणवलंच नसावं.

उत्सवाचा शेवट किराण्याच्या गाण्याने होई. वर्षानुवर्षं तो मान भीमसेनजींचा होता, पुढे प्रभाताई अत्र्यांकडे आला. त्यानंतर सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावत. इतक्या नामवंतांनी गायल्यावर शेवटचा स्वर गुरूचा, तोही तबकडीच्या खरखरीसकट! निघायच्या गडबडीतली माणसं जागच्या जागी उभी राहून ती ऐकत.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर ते रात्रभराचं गाणं पुढे बंद झालं. भीमसेनजी २०११च्या जानेवारीत गेले, उत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं, आणि आता मांडव मुकुंदनगरला पडतो. मध्यरात्रीच्या दरबारीची आणि पहाटेच्या ललतची हळहळ मला वाटतेच. पण दुपारी सुरू होणाऱ्या सत्रांमुळे भीमपलास, पटदीप, मुलतानी, मधुवंती यांना मंचावर जागा मिळाली. रात्रभराच्या बैठकीत या रागांची वेळच यायची नाही. मुलतानीतला तो कोमल रिषभ उतरत्या उन्हात ऐकायला मिळतो, हे माझ्या पिढीने मोकळेपणाने मान्य करायला हवं.

माझ्या वर्गातल्या मुली आवडत्या कलाकाराच्या वेळेला पोचतात आणि त्याचं झालं की उठतात. हे मला पटत नाही, आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगते. या वर्षी काम लावून दिलंय. पहिल्या गायकाच्या आधी जागेवर बसायचं, मोबाईल पिशवीत ठेवायचा आणि तानपुरे जुळताना कुठल्या तारेला किती वेळ लागला, पहिली तार कुठल्या स्वरात आहे, खर्जातून गंधार केव्हा ऐकू आला, हे टिपून आणायचं. ताना कुणी किती घेतल्या ते मी विचारणार नाही. सोमवारच्या वर्गात त्या टिपणांवरच बोलू, आणि मग प्रत्येकीने आपला तानपुरा स्वतः लावायचा.